मुका डबा आणि मोजणारी सुई



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत गिटार, बॅटरी आणि मल्टीमीटर यांवर बोलायला कोणी उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्यात आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर आणि उभे आयुष्य सरकारी फायलींत गेलेले. तेव्हा विषयाची निवड का केली, हे आधी सांगणे प्राप्त आहे.

गेल्या भाद्रपदात गणेशोत्सवाच्या संगीत कार्यक्रमातून एक वाद्य गाळावे की ठेवावे, असा प्रश्न आपल्या कार्यकारिणीपुढे आला होता. वाद्य होते हवाईयन गिटार आणि वाजवणारा आपल्याच मंडळातील एक तरुण. त्याचे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत, म्हणजे १९०४ पासून चालत आलेल्या आपल्या गावच्या त्या जुन्या कारखान्यात लेथवर होते. गिटार त्यांची. नातू घरी बव्हंशी हिंदी बोलतो, मराठी वाचताना अडखळतो. पण आजोबांनी बसवलेली भावगीते त्याच्या बोटांत आहेत. तो मंडळात येतो तो या वाद्यामुळे, आणि त्याच्यामागून आणखी चौघे-पाच जण येतात. वाद्य गेले असते तर मुले गेली असती, हे कार्यवृत्तात लिहिले गेले नाही. तथापि सभेत बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते.

तक्रार अशी की, घरी गोड वाजणारी ही गिटार आपल्या सभागृहात वाजली की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. कोणी बोटांना दोष दिला, कोणी तारांना, कोणी ‘हे वाद्यच आपल्या गाण्याचे नव्हे’ असा निकाल दिला. हा शेवटचा निकाल आम्हांला मुळीच मान्य नाही. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ही गिटार हवाई बेटांतून आपल्याकडे आली खरी, परंतु ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले, १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला ती बसली, आणि तिच्याच घराण्यातील मोहनवीणेने विश्वमोहन भट्ट यांना १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळवून दिले. किंबहुना जगात विजेवर वाजणारी जी पहिली गिटार बाजारात आली, अमेरिकेत १९३२ च्या सुमारास, तीही अशीच मांडीवर घेण्याची होती. लांब दांडी आणि वाटोळे अंग यांमुळे लोक तिला ‘तळणीचा तवा’ म्हणत. असो.

आता गोधडीचे रहस्य पाहू. तारांखाली जो पिकअप असतो, तो म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले केसासारख्या तारेचे काही हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत अल्पसा विद्युतदाब उत्पन्न होतो. दाब असतो, पण त्यामागे बळ नसते. पळीभर तीर्थ कोऱ्या मडक्यात ओतून मोजायला जावे, तर निम्मे मडकेच पिऊन टाकते. तशी या दाबाची गत होते. मडके येथे दोन जागी आहे. एक, गिटारपासून मिक्सरपर्यंत जाणारी वायर. जाळीच्या वेष्टनाच्या वायरीत दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड इतकी धारिता असते. घरच्या ३ मीटर वायरीची झाली ३००, सभागृहातील १० मीटरची झाली १,०००. पिकअपच्या वेढ्यांचे प्रवर्तन ३ हेन्रीच्या आसपास धरले, तर घरी साधारण ५,३०० कंपनांपर्यंतचे स्वर नीट पोहोचतात, सभागृहात २,९०० च्या पुढचे झपाट्याने बुडतात. वाद्याचा तजेला नेमका तेथेच असतो. दुसरे मडके मिक्सर. त्याच्या साध्या लाइन इनपुटचा रोध १० ते २० हजार ओहम एवढाच. गिटारला समोर १० लाख ओहमच्या घरातील पाहुणचार हवा असतो. थोडक्यात, दोष बोटांत नव्हता, तारांत नव्हता आणि भावगीतांत तर नव्हताच.

यावरचा उपाय म्हणजे बफर. ध्वनिवर्धक आणि बफर यांत लोक गल्लत करतात. बफर आवाज मोठा करीत नाही. कीर्तनकाराच्या वा शाहिराच्या मागे झीलकरी उभा असतो. तो तेच शब्द, त्याच सुरात म्हणतो, पण श्वास स्वतःचा लावतो. मूळ गाणाऱ्याच्या छातीवर भार पडत नाही आणि मांडवाच्या टोकाला शब्द पोहोचतो. बफर हा विजेचा झीलकरी होय. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर मसुद्यातील काना-मात्रा न बदलता फाइल पुढे नेणारा कारकून. असे कारकून दुर्मीळ असतात हा भाग निराळा.

आमच्या तरुणाने हा बफर घरीच बनवला. टीएल ०७२ नावाची आठ पायांची आयसी, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, पाच-सहा रेझिस्टर, तीन कंडेन्सर, दोन जॅक आणि साबणाची प्लॅस्टिकची डबी. रचना साधी आहे. १० हजार ओहमचे दोन रेझिस्टर बॅटरीच्या ९ व्होल्टचे दोन समान भाग करतात. मधल्या बिंदूवर साडेचार व्होल्ट मिळतात, आणि तेथून १ मेगओहमच्या, म्हणजे १० लाख ओहमच्या रेझिस्टरमधून हा दाब आयसीच्या ३ क्रमांकाच्या पायाला दिला जातो. गिटारचा सूर याच पायाशी येतो. १ क्रमांकाचा पाय आउटपुटचा. तो २ क्रमांकाच्या पायाला सरळ जोडायचा. बाहेर काय गेले ते असे आत परत दाखवल्यामुळे आयसी आपले आउटपुट सतत इनपुटबरोबर राखते. या कल्पनेच्या मुळाशी टेलिफोन आहे. दूर अंतराच्या तारांवर आवाज विद्रूप होई, म्हणून बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक या अभियंत्याच्या डोक्यात ते कोडे घोळत होते. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत त्याला उत्तर सुचले आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने ते टिपून ठेवले.

वाईच्या मराठी विश्वकोशात ‘सर्किट’ला ‘मंडल’ असा प्रतिशब्द योजलेला आढळतो. आमच्या मंडळातील हे मंडल तयार झाले, सभागृहात आले, आणि जोडल्यावर त्यातून आवाज म्हणून निघाला नाही. डबा मुका.

त्यानंतर जे घडले ते घराघरांत घडते. तरुणाने गिटार सभागृहाच्या कपाटातच ठेवली, डबी घरी नेली आणि आजोबांचा सुईचा मल्टीमीटर काढला. बॅटरी पाहिली, ९ व्होल्ट. दोन रेझिस्टरांच्या मधला बिंदू, साडेचार. आयसीचा ३ क्रमांकाचा पाय, पाऊण व्होल्ट! साडेचार हवेत तेथे पाऊण. त्याने आयसी बदलली. पाऊणच. पुन्हा नवी आणली. पुन्हा पाऊण. इनपुटच चुकीचा तर आउटपुट काय पाहायचे, म्हणून १ क्रमांकाच्या पायाला त्याने मीटर लावलाच नाही. सल्लागारांची वाण नव्हती. ‘बाजारात नकली आयसी मिळतात’, ‘तयार डबा विकत घे’, ‘की-बोर्डवर गिटारचा आवाज असतोच की’. नकली आयसी मिळतात हे सत्य आहे, आणि सत्य असल्यामुळेच ते फार घातक निमित्त ठरते. कारण ते म्हटले की पुढे तपासायला नको. कार्यक्रमाची अंतिम यादी चार दिवसांनी छापायला जायची होती. ‘माझे नाव काढा’ अशी चिठ्ठी त्याने कार्यवाहांकडे पाठवली.

आपल्या मंडळात दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक सभासद आहेत. सारे त्यांना काका म्हणतात, आम्हीही म्हणतो. रिज रोडवरील प्रशिक्षण केंद्रात शिकलेली ही माणसे बिघाड शोधताना घाई करीत नाहीत. चिठ्ठी वाचून काका आणि आम्ही त्या तरुणाकडे गेलो. काकांनी डबी हातात घेतली नाही. त्यांनी मल्टीमीटर मागितला, चश्मा कपाळावर सरकवला आणि तबकडीच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरे वाचली.

‘अरे, येथे काय लिहिले आहे ते वाच बरे.’

‘वीस हजार ओहम, पर व्होल्ट.’

‘आणि तू कोणत्या रेंजवर मोजलेस?’

‘दहा व्होल्टच्या, काका.’

‘मग मीटरचा स्वतःचा रोध किती झाला?’

झाला २ लाख ओहम. येथे, श्रोतेहो, आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण सगळी गोष्ट या आकड्यात आहे. ३ क्रमांकाच्या पायाला दाब येतो तो १० लाख ओहममधून. त्या पायाला मीटर टेकवला, म्हणजे १० लाखांच्या पुढे २ लाखांची वाट जमिनीकडे उघडली. साडेचार व्होल्टचे सहा वाटे झाले; पाच १० लाखांवर पडले, एक मीटरवर. साडेचारांचा सहावा हिस्सा किती? पाऊण! सुई खोटे बोलत नव्हती. मीटर लावलेला असताना त्या पायावर पाऊण व्होल्टच होते. मीटर काढला की साडेचार होत; परंतु मीटर काढल्यावर ते पाहणार कोण?

म्हणजे वायर आणि मिक्सर जे गिटारचे करीत होते, तेच हा मीटर डबीचे करीत होता. कोरे मडके पुन्हा तीर्थ पीत होते. ज्या दुखण्यावर औषध म्हणून डबी बनवली, त्याच दुखण्याने वैद्याच्या नाडीपरीक्षेला ग्रासले होते. त्या तरुणाच्या चेहऱ्यावर हे उमटले तेव्हा तो हसलासुद्धा नाही. कागद ओढून त्याने भागाकार स्वतः पुन्हा करून पाहिला. मग काकांनी आपला अंकांचा मीटर काढला. त्याचा रोध असतो १ कोटी ओहम. ३ क्रमांकाच्या पायावर त्याने ४.०९ व्होल्ट दाखवले. हेही साडेचार नव्हेत, पण हिशेब तोच: अकरा वाटे, त्यांतील दहा मीटरकडे. दोन मीटर, दोन उत्तरे, दोन्ही प्रामाणिक. शेवटी काकांनी १ क्रमांकाच्या पायाला, आउटपुटला, सुईचाच जुना मीटर लावायला सांगितले. झीलकरी तेथे स्वतःच्या श्वासावर उभा असतो. २ लाख ओहमचा भार त्याला जाणवतही नाही. सुई साडेचारवर जाऊन थांबली. ‘इनपुटला हात न लावता इनपुट बघायचे असेल, तर बफरच्या आउटपुटवर बघावे,’ काका म्हणाले. तिन्ही आयसी धडधाकट होत्या. दोन उगाच कुरूप डाख लागून निवृत्त झाल्या होत्या.

तेव्हा डबी मुकी का? दुसऱ्या दिवशी सभागृहात गिटार घरच्या वायरीने डबीला जोडली, आणि ती बोलली. अगदी स्वच्छ, खणखणीत बोलली. टाळ्या पडण्याच्या बेतात होत्या. इतक्यात तरुणाने घरची वायर काढून मंडळाच्या पिशवीतली वायर लावली आणि डबी पुन्हा मुकी झाली. हे त्याने मुद्दाम केले, कारण पहिल्या दिवशी तीच वायर लावली होती हे त्याच्या लक्षात होते. एका वेळी एकच वस्तू बदलायची, एवढे आदल्या संध्याकाळी तो शिकला होता.

वायर तपासली तर अखंड होती. मग दोन्ही पिना शेजारी ठेवल्या. घरच्या पिनेच्या दांड्यावर एक काळे कडे, मंडळाच्या पिनेवर दोन. पहिली दुहेरी वायरीची, दुसरी तिहेरी, हेडफोनला असते तशी. बॅटरी सतत चालू राहू नये म्हणून अशा डब्यांत एक युक्ती करतात. इनपुटचा जॅक तिहेरी घेतात आणि बॅटरीचे ऋण टोक त्याच्या मधल्या पात्याला जोडतात. साधी पिन आत गेली की तिचा लांब दांडा मधले पाते आणि जमीन यांना एकत्र करतो, बॅटरी सुरू होते. पिन काढली की बंद. दोन कड्यांची पिन मात्र मधल्या पात्याला निराळे ठेवते. बॅटरी जोडलीच जात नाही. युक्ती उत्तम आहे, आयसी जेमतेम ३ मिलिअँपिअर खाते, तरी रात्रंदिवस पिन अडकवून ठेवली तर बॅटरी आठवडाभरात संपते. फक्त पिन कोणती, हे युक्ती करणाऱ्याने डब्यावर लिहायला हवे.

यानंतर गुणगुण उरली. वाजत नसताना भुंगा गुणगुणावा तसा आवाज येई, आणि तारांना हात लावला की कमी होई. विजेच्या घरगुती प्रवाहाची ५० कंपने आणि त्यांच्या पटी सभागृहभर पसरलेल्या असतात. १० लाख ओहमचे उघडे इनपुट त्यांना आयते अंगण देते, आणि प्लॅस्टिकची डबी त्यांना अडवत नाही. सगळा संसार उचलून पत्र्याच्या डब्यात ठेवला, पत्रा एका जागी जमिनीच्या तारेला जोडला, इनपुटपासून आयसीपर्यंतची तार जाळीच्या वेष्टनाची घेतली. गुणगुण ऐकू येईनाशी झाली. भाद्रपदातील दमट हवेत अधूनमधून चरचर होई, ती पाटीवर उरलेल्या सोल्डरिंग पेस्टमुळे. ओल धरलेली पेस्ट किंचित वीज वाहू देते. एरवी तिने काही बिघडत नाही, पण १० लाख ओहमच्या शेजारी ती उपद्रव देते. स्पिरिटने आणि जुन्या दातघासणीने पाटी धुतली.

गुणगुणीच्या संदर्भात एक गोष्ट आम्ही आवाज चढवून सांगणार आहोत. ध्वनिवर्धकाच्या तीन पिनांच्या प्लगातील वरची जाड पिन, अर्थिंगची, काढून टाकली की गुणगुण जाते, असा सल्ला मांडवामांडवांत दिला जातो. गुणगुण कधी कधी जातेही. परंतु ती पिन काढल्यावर यंत्रात बिघाड होऊन वीज बाहेरच्या पत्र्यावर आली, तर तिला जायला वाट उरते ती गिटारच्या पोलादी तारांमधून वाजवणाऱ्याच्या बोटांत, आणि दुसऱ्या हाताने तो मायक्रोफोन धरणार असतो. अशाने कलावंत मरण पावले आहेत. ब्रिटनमधील ‘स्टोन द क्रोज’ या संचाचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ साली स्वॉन्झी येथे रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. आपल्या सभागृहात कोणी अशी पिन काढताना दिसल्यास, तो पाहुणा कलाकार असला तरी, कार्यक्रम थांबवावा, असा ठराव कार्यकारिणीने आता केलेला आहे. तो ठराव मांडण्याचे काम आम्ही केले आणि तो एकमताने संमत झाला.

यादी छापायला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तालीम झाली. १० मीटर वायर, तोच मिक्सर, तेच सभागृह. ज्यांनी वाद्य आपल्या गाण्याचे नव्हे असे म्हटले होते, ते गृहस्थ पहिल्या रांगेत बसून होते. दोन गीते झाल्यावर त्यांनी तिसरे सुचवले. सुचवले तेही तरुणाच्या आजोबांच्या आवडीचे. मते बदलली का, हे आम्ही विचारले नाही. कार्यवाहांनी चिठ्ठी परत दिली, ती त्या मुलाने घडी करून खिशात ठेवली. उत्सवात वाद्य वाजले, आणि त्यानंतर शनिवारी संध्याकाळी चार मुले काकांकडे डाख द्यायला शिकू लागली. त्यांच्यात एक मुलगी आहे, आणि तिचा हात सर्वांत स्थिर आहे असे काका म्हणतात.

पत्र्याचा डबा सध्या मंडळाच्या कपाटात, तबल्याच्या हातोडीशेजारी असतो. बॅटरी उलटी टेकली तर आयसी जळू नये म्हणून आत एक डायोड घातला आहे. झाकणाच्या आतल्या बाजूस त्या तरुणाने स्वतःच्या हाताने, मराठीत, एक कागद डकवला आहे. ८ क्रमांकाच्या पायावर नव्या बॅटरीबरोबर सुमारे ९ व्होल्ट, ४ क्रमांकावर शून्य, १ क्रमांकावर साडेचार. आणि ३ क्रमांकापुढे आकडा नाही, ‘येथे मोजू नका, १ वर पाहा’ असे लिहिले आहे. ‘पाहा’ हा शब्द त्याने आधी ऱ्हस्व-दीर्घाच्या गोंधळात दोनदा खोडला होता, तोही तसाच दिसतो. झाकणावर बाहेरून ‘एका कड्याची पिन’ अशी तांबडी अक्षरे आहेत. दोन कड्यांच्या वायरींना पिशवीत लाल दोरा बांधलेला आहे. ज्या सभासदांना घरच्या समारंभासाठी डबा हवा असेल, त्यांनी कपाटाची किल्ली कार्यवाहांकडून घ्यावी. बॅटरी मात्र आपापली आणावी, आणि डबा परत ठेवताना पिन काढून ठेवावी.